शेतीची बातमीदारी शिकायचीय, पण फी कुठल्या राज्याची?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही इंडियानापोलिसजवळ राहतो. इंडियानात येऊन नऊ वर्षं झाली, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत, मुलगी एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे आणि आता अकरावीत आहे. फोर-एचमध्ये (मुलांना शेती-जनावरांची कामं शिकवणाऱ्या कार्यक्रमात) ससे पाळता पाळता तिच्या डोक्यात ॲग्रीकल्चरल कम्युनिकेशनचं वेड शिरलंय. तिचे बाबा म्हणतात शेती करायची नाही, नुसतं शेतीबद्दल लिहायचं, हे कसलं शिक्षण? वर तिने दुसऱ्या राज्यातल्या एका युनिव्हर्सिटीचं गुळगुळीत ब्रोशर आणलंय, त्यातली वर्षाची फी बघून मला घाम फुटला. हे स्वस्तात कुठे होईल?
— एक आई, इंडियाना

उत्तर : ताई, आधी बाबांचं बघू, ते पटकन होईल. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्याराज्यांत लँड ग्रँट (सरकारने दिलेल्या जमिनीच्या जोरावर उभी राहिलेली) कॉलेजं निघाली, १८८७ मध्ये हॅच कायद्याने त्यांना जोडून संशोधन केंद्रं आली आणि मग लक्षात आलं की संशोधन त्या केंद्रांतच पडून राहतंय, शेतकऱ्यापर्यंत जातच नाहीये, म्हणून १९१४ मध्ये स्मिथ-लीव्हर कायदा करून एक्स्टेन्शनची, म्हणजे ते शेतकऱ्यापर्यंत नेणारी, यंत्रणा उभी केली. आता प्रोफेसरची भाषा शेतकऱ्याला कळत नाही आणि शेतकऱ्याची अडचण प्रोफेसरला कळत नाही, मधे कुणीतरी दोन्ही कळणारं हवंच ना, तेच हे शिक्षण. नोकऱ्याही तिथेच असतात, एक्स्टेन्शन ऑफिस, को-ऑप, बियाणं कंपन्या, फार्म रेडिओ, आणि चेकऑफवर चालणाऱ्या संस्था. चेकऑफ म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीतून प्रचारासाठी कापला जाणारा पैसा, गोमांसाच्या चेकऑफमध्ये विकलेल्या प्रत्येक जनावरामागे एक डॉलर जातो. फक्त मुलीला एवढं सांगून ठेवा की चेकऑफच्या पैशावर लिहिणं हा प्रचार आहे, पत्रकारिता नाही. दोन्ही कामं प्रामाणिकपणे करता येतात, पण आपण कुठलं करतोय हे आपल्याला माहीत पाहिजे.

आता फी. ब्रोशर ठेवा बाजूला. या विषयात कॉलेजचं नाव नंतर बघायचं, आधी बघायचं की आपल्याला रहिवासी कुठल्या राज्याचे धरतात, आणि तुम्ही तर चक्क पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या अंगणात राहताय. तिचं गाव वेस्ट लाफायेट तुमच्यापासून तासा-सव्वातासावर, आणि ॲग्रीकल्चरल कम्युनिकेशन हा तिथे पूर्ण मेजर आहे, कुठल्यातरी दुसऱ्या डिग्रीला लटकवलेला एखादा कोर्स नाही. पर्ड्यूने २०१३ पासून फी गोठवून ठेवलीय, इंडियानाच्या मुलांना वर्षाला ९,९९२ डॉलर आणि बाहेरच्या राज्यातल्या मुलांना २८,७९४. वर्ग तोच, बाक तोच, शिकवणाऱ्या बाई त्याच, शेजारी बसलेली ओहायोची मुलगी वर्षाला १८,८०२ डॉलर जास्त भरते. चार वर्षांचे पाऊण लाखाच्या वर होतात. तुमची मुलगी दुसऱ्या राज्यात गेली की ती जास्त भरणारी मुलगी तीच. (राहणं-जेवण यात धरलेलं नाही, ते वेगळं.)

पण थांबा, लगेच आनंदून जाऊ नका. तुमची खरी गाठ व्हिसाशी आहे आणि ब्रोशरमध्ये त्याबद्दल एक ओळ नसते. एच-४ वरच्या मुलांना रहिवासी धरायचं की नाही हे प्रत्येक राज्य, प्रत्येक युनिव्हर्सिटी आपापल्या नियमाने ठरवते, त्यामुळे ॲडमिशन ऑफिसातला गोड बोलणारा मुलगा फोनवर काय म्हणाला यावर जाऊ नका, रजिस्ट्रारच्या ऑफिसला ईमेल करा, व्हिसाचा प्रकार, किती वर्षं राहताय, टॅक्स कुठे भरताय, सगळं स्पष्ट लिहा आणि उत्तर लेखी घ्या. दुसरं म्हणजे एफएएफएसए (सरकारी मदतीचा अर्ज) भरून मिळणारी सरकारी मदत, पेल ग्रँट वगैरे, ही नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी असते (निर्वासित वगैरे मोजके अपवाद सोडून), एच-४ वर नाही मिळत. तेव्हा ‘सरासरी विद्यार्थ्याला एवढी मदत मिळते’ असले आकडे तुमच्यासाठी नाहीत. कॉलेजच्या वेबसाईटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो तो भरून बघा, पण त्याच्या उत्तरात सरकारी मदत आधीच वजा केलेली असेल तर ती खर्चात परत मिळवा. कॉलेजच्या स्वतःच्या स्कॉलरशिप मात्र जरूर विचारा, शेतीच्या कॉलेजांकडे जुन्या शेतकरी कुटुंबांनी ठेवलेल्या लहान लहान स्कॉलरशिप असतात आणि अटी वाचूनच लोक घाबरून अर्ज करत नाहीत.

तिसरं, एकविसावं वर्ष. २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो, तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर तिला एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागेल, म्हणजे डिग्रीच्या मधेच. तेव्हा फी इन-स्टेटच (राज्यातल्या रहिवाशांचीच) राहणार की बदलणार, हे त्याच ईमेलमध्ये विचारून टाका. मी असं एक घर बघितलंय की तिसऱ्या वर्षाला फीचं बिल अचानक फुगलं आणि सगळे एकमेकांकडे बघत बसले. आणि एच-४ वर पगारी काम करता येत नाही, म्हणजे पगारी इंटर्नशिपही नाही. या क्षेत्रात इंटर्नशिपशिवाय कुणी दारात उभं करत नाही, त्यामुळे कधी कधी आधीच एफ-१ वर गेलेलं बरं पडतं, कधी नाही, हे इमिग्रेशन वकिलासोबत बसूनच ठरवा, माझ्या सल्ल्यावर नको.

खर्च अजून खाली आणायचा तर आयव्ही टेक हे इंडियानाचं सरकारी कम्युनिटी कॉलेज आहे. इंडियानात जनरल एज्युकेशनचे ३० क्रेडिट्स एका सरकारी कॉलेजात पुरे केले की दुसऱ्या सरकारी कॉलेजात ते गठ्ठ्याने धरतात. अकरावीतच एपी किंवा ड्युअल क्रेडिटचे (शाळेतच कॉलेजचे क्रेडिट मिळवून देणारे) विषय घेतले तर त्यातलेही काही आत्ताच निघून जातील. फक्त मेजरचे कोर्स कुठल्या क्रमाने घ्यावे लागतात ते आधी बघा, नाहीतर क्रेडिट्स वाचतात आणि एक सेमिस्टर जास्त लागतं, मग बचत गेली पाण्यात.

आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा डेअरी बार्नसमोर फोटो काढा खुशाल, पण एक प्रश्न विचारा, तुमच्या मुलांचं लिहिलेलं छापून कुठे येतं? पहिल्या वर्षी किती, चौथ्या वर्षी किती? बोटं दाखवून चार ठिकाणं सांगितली तर चांगलं. ‘आमचे विद्यार्थी खूप क्रिएटिव्ह असतात’ असं उत्तर आलं तर पुढच्या कॉलेजला चला.

तिने थांबायची गरज नाहीये खरं तर. एफएफए या शेती शिकणाऱ्या शाळकरी मुलांच्या संघटनेचं राष्ट्रीय अधिवेशन दरवर्षी शरद ऋतूत तुमच्याच इंडियानापोलिसात भरतं, निळ्या कॉर्डरॉय जॅकेटवाल्या हजारो पोरांनी डाऊनटाऊन भरून जातं. तिथे जाऊन तिने तीन मुलांशी बोलावं आणि पाचशे शब्द लिहावेत, काऊंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला द्यावेत. इंडियानाच्या ९२ काऊंट्यांमध्ये पर्ड्यूची एक्स्टेन्शन ऑफिसं आहेत, फोर-एच तेच चालवतात, म्हणजे ससेवाली पोरगी त्यांच्या ओळखीचीच असणार. एवढं लिहितानाच तिला कळेल की वेड खरं आहे की ससे गोड आहेत म्हणून आहे.

प्रश्न : ताई, मी सातारा जिल्ह्यातली, बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला लिहायला आवडतं, अमेरिकेत कृषी पत्रकारितेत मास्टर्स करायचंय, पण घरची अडीच एकर आहे, त्यावर कर्ज काढायला मन होत नाही. काही मार्ग आहे का?
— एक कृषिकन्या

उत्तर : अगं आहे, आणि अडीच एकराला हात लावू नकोस, हे पहिलं. तिथे बॅचलर्स करणाऱ्या परदेशी मुलाला बहुतेक पूर्ण फी पडते, मास्टर्सचं तसं नाही. असिस्टंटशिप मिळाली की आठवड्याला साधारण २० तास प्रोफेसरच्या हाताखाली काम, त्याबदल्यात फी माफ किंवा बरीच कमी, वर महिन्याला स्टायपेंड. टेक्साससारख्या राज्यात तर स्पर्धेतून मिळालेली निदान १,००० डॉलरची स्कॉलरशिप असेल तर बाहेरच्या मुलालाही राज्यातली फी लागू होऊ शकते. म्हणून ‘ॲडमिशन मिळालं’ आणि ‘फंडिंग मिळालं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात पक्कं ठेव. नुसत्या ॲडमिशनच्या पत्रावर पेढे वाटू नकोस. आणि पेढे वाटायला लावणारे एजंट असतात त्यांच्यापासून चार हात लांब.

शोधताना ‘जर्नालिझम’ एवढंच टाकलंस तर निम्मे डिपार्टमेंट दिसणारच नाहीत. फ्लोरिडात त्याचं नाव ॲग्रीकल्चरल एज्युकेशन अँड कम्युनिकेशन आहे, टेक्सास ए अँड एममध्ये ॲग्रीकल्चरल लीडरशिप, एज्युकेशन अँड कम्युनिकेशन्स. आपल्याकडे जो विस्तार शिक्षण विभाग, तोच साधारण तिथला हा विभाग, त्यामुळे तुझी डिग्री त्यांना परकी वाटणार नाही. अर्जाच्या आधी प्रोफेसरला ईमेल कर, त्यांचं काम वाचून. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होऊन पन्नास जणांना गेलेलं ईमेल त्यांना लांबूनच ओळखू येतं. नंतर नोकरीचा विचार असेल तर आणखी एक विचारून घे, डिग्री स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत आहे का. नसेल तर ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायची मुभा, एक वर्ष, असेल तर वर २४ महिने मिळू शकतात, फरक मोठा आहे.

पण ईमेलसोबत पाठवायला काय आहे तुझ्याकडे? मला माहितीये काय असणार, रावेच्या (बी.एस्सी. ॲग्रीच्या मुलांनी गावात राहून करायच्या कार्यानुभवाच्या) गावातलं कात्रण. ‘कृषिकन्यांनी दिले बोर्डो मिश्रणाचे प्रात्यक्षिक’, खाली सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक, प्राचार्य, सगळ्यांची नावं, आणि शेवटी शेतकरी मोठ्या संख्येने उपस्थित होते. बोर्डो या बुरशीनाशकाबद्दल एक ओळ नाही! ती बातमी परत लिही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं, आणि झालं की त्यात विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून निवळी घाल. हे करताना कोण काय म्हणालं, एखाद्या आजोबांनी तुम्हाला वेड्यात काढलं असेल तर तेही लिही. मराठीत लिही, मग स्वतःच इंग्रजीत कर, दोन्ही पाठव. असे चार तुकडे झाले की मग विद्यापीठांची यादी करायला बस, आधी नको.

प्रश्न : मी बी.कॉम., सध्या आयोवात एका धान्याच्या को-ऑपमध्ये हिशोबाचं काम बघतो. फार्म मॅगझिनसाठी लिहायची इच्छा आहे. ऑनलाईन बॅचलर्स स्वस्तात पडेल का?
— आयोवाहून एक वाचक

उत्तर : दादा, दुसरी बॅचलर्स कशाला? फार तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात न्यूज रायटिंगचा एक कोर्स करा, त्याचे पैसे द्या आणि थांबा. ऑनलाईन डिग्रीत प्रति क्रेडिट फी कमी दिसते, मग टेक्नॉलॉजी फी, सर्व्हिस फी करत करत बेरीज वाढते, आणि शेवटी एडिटर विचारणार लिहिलेलं काय आहे. तुमच्याकडे तर ऐन हंगामात ट्रक रांगेत उभे असतात, नमुना काढतात, मका १५ टक्क्यांच्या वर ओला निघाला की पैसे कापले जातात आणि शेतकरी तुमच्याच खिडकीशी येऊन भांडतो. त्या भांडणात कोण बरोबर असतं, वाळवणीचा खर्च कसा लावतात, हे तुमच्याइतकं डिग्रीवाल्याला माहीत नाही. मॅनेजरला विचारून, गिऱ्हाइकांची नावं न घालता, त्यावर आठशे शब्द लिहा आणि आधी काऊंटीच्या साप्ताहिकाला पाठवा.