ऑस्टिनमधला एक पास आणि एलएसयूचा २०१९ चा हंगाम

तुमचा प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला (तिकडचा, चेंडू हातात घेऊन पळायचा आणि फेकायचा फुटबॉल) एखादा विजेता हंगाम कुणी जवळून पाहिलाय का, आणि तो संघ नेमका कशामुळे जिंकला?

मी पाहिलाय. २०१८ ते २०२० अशी दोन वर्षं मी एमएस करायला बॅटन रूजला होतो, लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत. तिकडे सगळे तिला एलएसयूच म्हणतात. २०१९ च्या हंगामात आमचा संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला.

कशामुळे, तर वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेली खेळण्याची पद्धत त्यांनी सोडून दिली म्हणून. हे माझं ठाम मत आहे. चांगले खेळाडू एलएसयूकडे आधीही असायचेच. पण खेळ ठरलेला होता : चेंडू हातात घेऊन गर्दीत घुसायचं, दोनचार यार्ड मिळवायचे, घड्याळ पुढे ढकलायचं आणि बचावावर भरवसा ठेवायचा. बाकीच्यांपुढे हे खपून जायचं, अलाबामा विद्यापीठाच्या संघापुढे मात्र काही चालायचं नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मी टायगर स्टेडियममध्ये होतो. लाखभर माणसांपुढे आम्ही २९-० असे हरलो. अलाबामाकडून तो लागोपाठ आठवा पराभव. माझ्या पुढच्या रांगेतली पोरं जर्सीच्या बाहीने तोंड पुसत गप्प बसून होती. त्यांना काय बोलावं ते मला सुचेना.

त्या वर्षी क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधार होता जो बरो. ओहायो स्टेटमध्ये पहिली जागा मिळेना म्हणून तिथली पदवी घेऊन तो आमच्याकडे आलेला. २०१८ मध्ये त्याच्या पासवर १६ टचडाउन झाले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे गेला. वाईट नाही, पण डोक्यावर घ्यावं असंही नाही. मग मुख्य प्रशिक्षक एड ओर्जेरॉन यांनी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून जो ब्रेडी नावाचा प्रशिक्षक आणला. आला तेव्हा त्याची तिशीही उलटली नव्हती. त्याने आणि आक्रमणाची सूत्रं सांभाळणाऱ्या स्टीव्ह एन्समिंगर यांनी रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, मैदानभर पसरवले आणि बरोला मोकळा हात दिला. पुढच्या हंगामात त्याच्या पासवर ६० टचडाउन झाले. तेव्हाचा तो विक्रम होता. माणूस तोच, संघही बराचसा तोच!

आता ऑस्टिनबद्दल, कारण माझ्या लेखी विजेतेपद तिथेच ठरलं. ७ सप्टेंबर २०१९, हंगामातला दुसराच सामना, टेक्सास विद्यापीठाच्या तिथल्या घरच्या मैदानावर. आमच्या खोलीत आम्ही सात-आठ जण जमिनीवर दाटीवाटीने बसलो होतो. एलएसयू ३७-३१ ने पुढे, अडीच मिनिटांच्या आसपास वेळ उरलेला. या खेळात दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, पण तीन फसले की चौथ्यात बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडून देतात. आमचा तिसरा प्रयत्न होता आणि अजून १७ यार्ड हवे होते. जुनं एलएसयू असतं तर पळायचं नाटक करून घड्याळ खाल्लं असतं आणि चेंडू टेक्सासला देऊन देव पाण्यात ठेवले असते. शेजारचा लुईझियानाचाच मित्र पुटपुटला, "आता पळवणार." पळवला नाही. टेक्सासची माणसं बरोच्या अंगावर धावून आली, तो त्यांच्यातून पुढे डावीकडे सरकला आणि सरकता सरकता जस्टिन जेफरसनकडे चेंडू फेकला. जेफरसन थेट शेवटच्या रेषेपलीकडे. ६१ यार्डांचा टचडाउन! सामना ४५-३८ असा जिंकला. मित्र उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रडत होता.

तिथून पुढे संघाला भीती अशी राहिलीच नाही. नोव्हेंबरमध्ये टस्कलूसाला अलाबामाला त्यांच्याच घरात ४६-४१ ने हरवलं. हाफटाइमला ३३-१३ होते, नंतर अलाबामाने नाकी नऊ आणले, पण क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर हा बुटका गडी चार टचडाउन करून गेला. त्या रात्री बॅटन रूजमध्ये झोपलं कोण असेल, मला माहीत नाही.

टेक्सास ए अँड एमविरुद्धच्या शेवटच्या घरच्या सामन्याला मी स्टेडियममध्ये होतो. सामन्याआधी बरो धावत आला तेव्हा पाठीवर आडनाव नेहमीसारखं नव्हतं. शेवटच्या 'ओ'साठी लुईझियानात जी फ्रेंच वळणाची लांबलचक अक्षरं लिहितात, तशी त्याने लिहून घेतली होती. उच्चार तोच, पण ओहायोचा पोरगा आता तिथला झाला होता. ते वाचायला लोकांना क्षणभर लागलं आणि मग जो आवाज उठला, त्याने पायाखालचं काँक्रीट थरथरलेलं मला जाणवलं.

उपांत्य सामन्याबद्दल थोडंच लिहितो. २८ डिसेंबरला, अटलांटातल्या त्या सामन्याच्या काही तास आधी एन्समिंगर यांची सून विमान अपघातात गेली. तरीही ते आपल्या जागी बसले आणि चाली सांगत राहिले. ओक्लाहोमाविरुद्ध हाफटाइमलाच ४९ गुण झाले, बरोच्या पासवर सात टचडाउन. सामना ६३-२८. पण त्या दिवसाचा आकडा आठवला की आधी तो माणूस आठवतो.

अंतिम सामना १३ जानेवारी २०२० ला न्यू ऑर्लिन्समध्ये, क्लेमसनशी. तेही लागोपाठ २९ सामने जिंकून आलेले. सुरुवातीला आमचा चेंडू पुढे सरकेना, १७-७ असे मागे पडलो. मग जमार चेसला लांब पास मिळू लागले आणि हाफटाइमला आम्ही २८-१७ ने पुढे होतो. शेवट ४२-२५.

तुम्हाला एकच सामना बघायचा असेल तर अंतिम सामना नको, ऑस्टिनचा बघा. शेवटच्या अडीच मिनिटांपाशी या आणि चेंडूकडे नाही, बरोच्या पायांकडे बघा. अंगावर माणसं येत असताना तो मागे पळत नाही, पुढे येतो.