पावतीवर दिलेले १५ लाख आधी सोडवा

लातूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. शहराबाहेर अर्ध्या एकरावर चोवीस फ्लॅटची सहा मजली लाकडी इमारत होतेय. आरसीसी फ्लॅटपेक्षा ८ लाख जास्त, एकूण ६२ लाख. बिल्डर म्हणतो विजेचं बिल निम्मं होईल, घ्यावा का? आणि शेवटी ओझरती एक ओळ: 'बाबांच्या रिटायरमेंटची एफडी मोडून १५ लाख दिलेत, पावती आहे, महारेरा नंबर येणार आहे म्हणाले.' (महारेरा म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करून त्यांवर देखरेख ठेवणारी राज्याची संस्था.)

विचारलंत त्याचं उत्तर सोपं आहे. बिल महिन्याला अडीच हजार, म्हणजे वर्षाला ३०,०००. निम्मं वाचलं तरी १५,०००. ८ लाख वसूल व्हायला त्रेपन्न वर्षं! उलट त्या ८ लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के धरले तर पहिल्या वर्षीचं व्याजच ६८,०००.

लाकडाला माझा विरोध नाही. फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून केलेला स्लॅब त्याच मापाच्या काँक्रीटच्या साधारण एक पंचमांश वजनाचा असतो, आणि इमारत हलकी असली की भूकंपाचा धक्काही कमी बसतो. १९९३ ला किल्लारीत जीव घेतले ते जड दगड-मातीच्या भिंतींनी. कित्येक माळवदांचे (मातीच्या सपाट छताच्या घरांचे) लाकडी खांब उभेच राहिले होते. पण लाकूड ऊन अडवतं, गारवा साठवत नाही. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा नसेल, गच्चीवर उष्णतारोधक थर नसेल, तर मे महिन्यात एसी लागणारच. तुम्ही पाठवलेल्या ब्रोशरमध्ये छज्जा, गच्ची, वाळवी यांबद्दल एक अक्षर नाही.

आता ती ओळ. एवढ्या मोठ्या प्रकल्पाचं महारेरा नोंदणीआधी बुकिंग घेणंच बेकायदा आहे. नोंदणी असली तरी, करारनामा रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांवर पैसे घेता येत नाहीत. ६२ लाखांचे १० टक्के म्हणजे ६ लाख २० हजार. तुम्ही दिलेत १५! 'नंबर येणार आहे' या शब्दावर म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची पुंजी द्यायची नसते. याचाच मला जास्त राग आला.

यापुढे एक रुपया देऊ नका. पैसे परत मागणारं पत्र उद्याच स्पीड पोस्टाने पाठवा. पावती, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज जपून ठेवा आणि वकिलाला दाखवून महारेराकडे तक्रार करा. पैसे हातात आले की पुन्हा बाबांच्याच नावाने एफडी करा आणि त्यांना सगळं खरं सांगा. फ्लॅट घ्यायचाच असेल तर नोंदणी झाल्यावर, आणि या इमारतीवर गृहकर्ज देऊ असं बँकेने लेखी कळवल्यावरच.