मसाल्याचे मॅग्नेटवाले डबे घरी बनवता येतात का? कोकणातल्या दमट हवेत टिकतात का?

तुम्ही विचारलंय की ओटा लहान आहे, मिसळणाचा डबा ठेवायलाही जागा नाही, तर छोटे डबे मॅग्नेट लावून फ्रिजला किंवा भिंतीला चिकटवता येतील का आणि रत्नागिरीच्या हवेत ते टिकतील का. येतात आणि टिकतात पण! आमचं घर वेंगुर्ल्याला खाडीजवळ आहे, तिथे माझे लावलेले आहेत. फक्त व्हिडिओत दाखवतात तसं नुसतं मॅग्नेट चिकटवलं आणि झालं असं आपल्याकडे चालत नाही.

आधी चिकटवणार कशाला ते बघा. हल्लीच्या काचेच्या दाराच्या फ्रिजला मॅग्नेट धरत नाही, आणि चांगलं ३०४ ग्रेडचं स्टील असतं त्यालाही धरत नाही, ॲल्युमिनियमचा तर प्रश्नच नाही. म्हणून खिशात एक मॅग्नेट टाकूनच हार्डवेअरच्या दुकानात जायचं. मी जीआय पत्रा (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा) कापून घेतला, कडा दुमडून घेतल्या आणि वर ऑइल पेंट मारला. चिऱ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, त्यामुळे पत्रा भिंतीला थेट टेकवू नका, मागे लाकडी पट्ट्या मारून हवा खेळेल एवढी फट ठेवा आणि स्क्रू स्टीलचेच घ्या.

आता मॅग्नेट. बाजारात चकचकीत चांदीसारखे मिळतात ते निओडायमियमचे, एकदम ताकदवान, पण आत बहुतेक लोखंडच असतं आणि वर निकेलचा पातळ मुलामा. मॅग्नेट एकमेकांवर आपटून कडेला टवका उडाला की खारी हवा आत शिरते आणि मॅग्नेट गंजून भुगा व्हायला लागतं. काळे फेराइटचे गंजत नाहीत पण त्याच ताकदीसाठी बरेच मोठे घ्यावे लागतात, मग डबा जड होतो.

दुसरी गोष्ट, मॅग्नेटवर २ किलो लिहिलेलं असतं ते सरळ ओढण्याचं वजन. भिंतीवर डबा ओढला जात नाही, खाली घसरतो, आणि घसरण्याच्या बाबतीत तेच मॅग्नेट त्याच्या पाव-एक वजनच धरतं. भरलेला छोटा डबा दीडशे-दोनशे ग्रॅम तरी होतो म्हणजे किमान दीड-दोन किलोवालं मॅग्नेट हवंच. या दोन्हीवर माझा एकच उपाय आहे, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. मॅग्नेटवर गोल कापून पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवायचा. रबर असल्याने डबा घसरत नाही आणि त्या बाजूने मॅग्नेटला हवाही लागत नाही. रबरामुळे ओढ बरीच कमी होते म्हणून मॅग्नेट एक साइज मोठं घ्या, पण ट्यूब लावाच.

डबा उलटा करून बुडाला बोट फिरवून बघा, कडेला बारीक काठ असतो आणि मध्ये खोलगट. मॅग्नेट त्या खोलगटात बसून काठापेक्षा आत राहिलं तर पत्र्याला टेकतच नाही, आणि मधे थोडी फट राहिली तरी ताकद झपकन उतरते. रबर धरून ते काठाच्या किंचित वर आलं पाहिजे, कमी पडलं तर खाली एम-सीलचा थर द्या. बूड पॉलिश पेपरने घासून, पुसून कोरडं करायचं, आणि साधं अराल्डाइट लावून पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. फेव्हिक्विक नको, धक्का बसला की टणकन सुटतं. सुकत असताना डबे लांब लांब ठेवा नाहीतर मॅग्नेट एकमेकांकडे उड्या मारतात.

मॅग्नेट नेहमी डब्याच्या बाहेरून, मसाल्याला लागता कामा नये. डबा घट्ट झाकणाचा घ्या, काचेच्या झाकणाचा असेल तर खिडकीसमोर नको, उजेडाने मिरची पूड आणि हळद दोन्ही फिक्या पडतात. गॅसच्या वर तर अजिबात नको, सगळी वाफ तिथेच जाते आणि मसाल्याच्या गुठळ्या होतात. मीठ आणि आमसुलं यात ठेवू नका, डब्याचा पत्रा खाऊन टाकतात, ती बरणीतच बरी. वर्षाचा मालवणी मसालाही हिंगाचे खडे घालून बरणीतच ठेवा, इथे फक्त आठवड्यापुरता काढायचा. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तिरफळां वायली ठेव गो, नायतर सगळ्याक तोच वास लागात," आणि ते अगदी खरं आहे.

घरात लहान मुलं असतील तर हे मनापासून सांगते. सुटलेलं मॅग्नेट दिसलं की लगेच उचला. दोन मॅग्नेट पोटात गेली तर आतडं मधे चिमटून भोक पडू शकतं, मॅग्नेट गिळलं गेलं तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. आणि कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर डबे छातीच्या उंचीवर लावू नका, वीतभर तरी अंतर राहिलंच पाहिजे.

सुरुवातीला हळद, मिरची, जिरं, मोहरी एवढेच डबे करा, एक पावसाळा जाऊ दे, मग बाकीचे वाढवा.