घाट एका दिवशी, दर्या दुसऱ्या दिवशी

प्रश्न : डिसेंबरात दहा दिवस माहेरी सावंतवाडीला येतेय. सोबत नववीतला मुलगा. आई सत्तरीची, गुडघे दुखतात. आंबोली आणि शिरोड्याचा समुद्र एकाच दिवसात उरकेल का? आईला घरीच ठेवावं का?
– एक वाचक, अबुधाबी

उत्तर : उरकेल, पण उरकू नका. आणि आईला घरी तर मुळीच ठेवू नका.

आंबोली तीसेक किलोमीटरवर, पण सगळी वळणं. सकाळी सातला निघा. डिसेंबरात मोठा धबधबा बारीक झालेला असतो, तेवढ्यासाठी जाऊ नका. कावळेसादला जा, पावसाळ्यात धुक्याने गिळलेली दरी तेव्हा तळापर्यंत दिसते. मग हिरण्यकेशी नदीचा उगम. गुहेतून पाणी येतं, पुढे ते घटप्रभेतून कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागराला जातं. घाटाच्या कड्यावरून उतरणारं पाणी मात्र आपल्या अरबी समुद्राला. मुलाला हे तिथे उभं करून सांगा. इथल्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाला नदीचंच नाव दिलंय, शिस्टुरा हिरण्यकेशी. त्याच्यामुळे २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. तेव्हा पाण्यात हात घालायचा नाही, नुसतं बघायचं. आंबोलीत गार असतं, आईची शाल विसरू नका.

मध्ये एक दिवस विश्रांती. संध्याकाळी मोती तलावाला एक फेरी पुरे.

शिरोड्याला मात्र दुपारी तीननंतर निघा. वाटेत मिठागरं दाखवा. १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला होता. वेळागरच्या सुरूच्या बनात गाडी लावा. घरातली प्लॅस्टिकची खुर्ची डिकीत टाकून न्या, हे नक्की करा. मुलाला पाण्यात सोडण्याआधी भरती-ओहोटीचं तिथल्या गाबतांना, म्हणजे मच्छीमारांना, विचारा. सूर्य सहाच्या सुमारास बुडतो.

खुर्चीचं सांगते, कारण माझी आई समुद्रापासून तासाभरावर जन्मभर राहिली आणि तिला शेवटचं कधी नेलं होतं, हे आम्हा भावंडांत कुणालाच आठवेना. शेवटी एका जानेवारीत वेळागरला नेली. खुर्ची ओल्या वाळूत ठेवली. पहिली लाट पावलांवरून गेली तशी तिने काठीच मला दिली, निऱ्या वर धरल्या आणि म्हणाली, "आजून जरा फुडे व्हर गे माका."

अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो. तुम्हीही परतायची घाई करू नका. मासळीची आमटी दुसऱ्या दिवशीही करता येते.