एजंटला तीन लाख देण्याआधी

दादा, तुमचा प्रश्न वाचला. लेक अकरावीत, २०० मीटर धावते, सोलापूर जिल्ह्यात पहिली. तिला अमेरिकेत कॉलेजला पाठवायचंय, आणि ‘कोचपर्यंत पोचवतो’ म्हणत एक एजंट तीन लाख मागतोय, वर स्कॉलरशिप मिळाली तर तिच्यातले दहा टक्के. मी सोलापूरचीच, आता ओहायोत असते. माझा भाचा धावण्याच्या जोरावरच इथल्या कॉलेजात आला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते दहा टक्के. ठरावीक फी घेऊन खेळाडूची माहिती पुरवणारी सेवा एनसीएएला, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेला, चालते. पण कमाई स्कॉलरशिपच्या रकमेवर ठरली, की तो माणूस एजंट धरला जातो आणि मुलीची खेळण्याची पात्रताच धोक्यात येते. असल्या कागदावर सही करू नका. तसंही तो मेलच पाठवणार, ते तुमची लेक घरबसल्या फुकट करू शकते.

कोचला ‘जिल्ह्यात पहिली’ यावरून काहीच कळत नाही. त्याला टायमिंग हवं, तेही इलेक्ट्रॉनिक. शालेय स्पर्धांत बरेचदा स्टॉपवॉचचं टायमिंग लिहितात. २०० मीटरला त्यात ०.२४ सेकंद मिळवून मग तुलना करायची पद्धत आहे, म्हणजे हातावरचे २५.६ झाले २५.८४. तरीही कोच साशंकच राहतो. म्हणून बालेवाडीला फोटोफिनिश, म्हणजे कॅमेऱ्याने घेतलेलं टायमिंग, असलेली स्पर्धा लागली की हुतात्मा एक्सप्रेस पकडा आणि लेकीला तिथे धावू द्या. निकालपत्रकावर वाऱ्याचा वेगही हवा. पाठीमागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर ते टायमिंग विक्रमाला धरत नाहीत, आणि कोचची नजर तिथेच जाते. ते पत्रक जपून ठेवा. मेडल गळ्यात घालून काढलेले फोटो आत्याला पाठवा.

कुठे लिहायचं? टीएफआरआरएस नावाच्या साइटवर कॉलेजांचे निकाल कुणालाही बघता येतात. कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेजांच्या गटाच्या, स्पर्धेत बहुतेक ठिकाणी पहिल्या आठांना गुण मिळतात, आणि कोच हिशोब त्या गुणांचाच करतो. आठव्या नंबरच्या आसपास लेकीचं टायमिंग जिथे बसतं, तिथे लिहा. एनसीएएत कॉलेजांचे तीन स्तर आहेत. डिव्हिजन वन आणि टूमध्ये खेळाची स्कॉलरशिप असते, पण धावपटूला पूर्ण मिळेल या भरवशावर राहू नका, बहुतेकांना अर्धीमुर्धीच मिळते. डिव्हिजन थ्रीमध्ये ती मुळीच नसते, मात्र मार्कांवर चांगली सूट मिळू शकते. एनएआयए या दुसऱ्या संघटनेतली कॉलेजं आणि दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजंही बघा. आपले लोक तिकडे ढुंकून बघत नाहीत, का ते मला कळलेलं नाही.

मेल लेकीनेच लिहायचा, आठ-दहा ओळींचा. विषयातच प्रकार, टायमिंग, बारावीचं वर्ष. सोबत एका शर्यतीचा सलग व्हिडिओ, स्टँडवरून घेतलेला, तिची लेन कुठली ते सांगून. गाणं, स्लो मोशन काही नको. कॉलेजच्या साइटवर खेळाडूंसाठी फॉर्म असतो, तोही भरा. उत्तर नाही आलं तर पुढच्या स्पर्धेनंतर नवं टायमिंग कळवा.

कागदपत्रं आत्ताच गोळा करा. एनसीएएचं एलिजिबिलिटी सेंटर, म्हणजे खेळाडूची पात्रता तपासणारं ऑफिस, नववीपासूनचे मार्क बघतं आणि नववीचं गुणपत्रक नेमकं कुणी ठेवलेलं नसतं. शाळेतून शिक्क्यानिशी घ्या. मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरही जोडावं लागेल. सॅट ही प्रवेशासाठीची परीक्षा एनसीएएला आता लागत नाही, पण काही कॉलेजं मागतात. बारावीनंतर ड्रॉप घ्यायचं मनात असेल तर आधी त्या कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाचे नियम बघणाऱ्या ऑफिसला, विचारा, मोकळं वर्ष महागात पडू शकतं.

कोचने कॉल मागितला तर आपली संध्याकाळची सात-साडेसातची वेळ द्या, तेव्हा ओहायोत सकाळ असते. बोलायचं तिने, तुम्ही शेजारच्या खोलीत बसायचं. वर्षाला आपण किती भरू शकतो तो आकडा मात्र तिला आधी सांगून ठेवा. कोच तो विचारतातच.