रात्री साडेदहाला विद्यापीठातून सायबर चौकाकडे चालत जाताना

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.चं पहिलं वर्ष, राहणं सायबर चौकाच्या आतल्या गल्लीत कॉट बेसिसवर. अभ्यासिकेतून निघायला रोज साडेदहा होतात, गडहिंग्लजला घरच्यांच्या जिवाला घोर. तर पेपर स्प्रे कुठला घ्यावा?

स्प्रे घ्या, पण तो शेवटचा उपाय आहे, त्याच्याकडे शेवटीच येऊ. आधी वाट बघा. तुमची वाट एक नाही, तीन आहेत: अभ्यासिका ते मुख्य प्रवेशद्वार, प्रवेशद्वार ते चौक, आणि चौक ते खोली. घरचे पहिल्या तुकड्याला घाबरतात, कारण ८५३ एकरांचा माळ आणि झाडी. तिथं माणसाचा त्रास होतच नाही असं नाही, पण निदान सुरक्षारक्षक आणि गेट असतं. मला जास्त काळजी तिसऱ्या तुकड्याची वाटते. चौकातल्या उजेडातून गल्लीत वळलं की आपण 'पोचलो' असं समजून फोनमध्ये डोकं घालतो आणि कुलपाची किल्ली बॅगेच्या तळाशी शोधत दारात दोन मिनिटं उभे राहतो. किल्ली चौकातच हातात घ्या.

ही वाट एकदा दिवसा आणि एकदा रात्री मैत्रिणीला घेऊन चाला, फक्त बघायला. कुठले दिवे बंद आहेत, मेडिकल किती वाजता शटर ओढतं, चहाची आणि बुर्जीची गाडी किती वाजेपर्यंत असते, कुठल्या अपार्टमेंटला वॉचमन आहे. रात्री अकराला उघडी असणारी तीन ठिकाणं पाठ असली पाहिजेत. बंद दिव्याची तक्रार खांबाचा नंबर देऊन केली तर दखल लवकर घेतली जाते. 'लायब्ररीजवळ अंधार असतो' या वाक्यावर कुणी शिडी घेऊन येत नाही.

आता अंधाराबद्दल. ट्यूबलाइटखालून बाहेर आल्यावर डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीसेक मिनिटं जातात, आणि मधे एकदा मोबाईलची स्क्रीन बघितली की बरीचशी कमाई गेली. म्हणून मेसेज, फोन, रिक्षा बघणं, सगळं दारातल्या उजेडात उरका, मग उजेडातून जरा बाजूला होऊन दोन मिनिटं थांबा आणि निघा. मोबाईलच्या टॉर्चवर भिस्त नको. बॅटरी संपते, आणि कुणी हातातून फोन ओढला तर फोन आणि उजेड दोन्ही एकदम जातात. चार्जिंगचा छोटा टॉर्च वेगळा ठेवा, झोत दोन पावलं पुढं जमिनीवर.

जमिनीवर यासाठी की या माळावर पावसाळ्यात साप निघतात. पायवाटेचा शॉर्टकट गवतातून असेल तर रात्री तो विसरा, डांबरी रस्ता धरा, आणि चपलेऐवजी बूट. मण्यार चावली तर बऱ्याचदा दुखत नाही, सूजही दिसत नाही, म्हणून 'काही नाही झालं' म्हणत झोपू नका. दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, पाय हलवायचा नाही. १०८ ला फोन आणि थेट सीपीआर रुग्णालय. कुत्र्यांचा घोळका आला तर पळू नका आणि त्यांच्या डोळ्यांत बघू नका. थांबा, बॅग मधे धरा, हळूहळू बाजूला सरका. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा, लस त्याच दिवशी सुरू करा.

गेटबाहेर फूटपाथ नसेल तिथं रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला, म्हणजे गाड्या समोरून येतात. मागून येणारी मोटारसायकल अंगाला चिकटत नाही. बॅग उजव्या खांद्याला, रस्त्यापासून लांब. इअरफोन दोन्ही कानांत नको.

लाइव्ह लोकेशन सगळे टाकतात, पण उपयोग क्वचित होतो. व्हॉट्सअॅपवर मुदत १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास असते. १५ मिनिटांचं टाकलं आणि वाटेत कुणी भेटलं की बंद पडलं. बॅटरी सेव्हर चालू असेल तर ठिपका जागचा हलत नाही आणि बघणाऱ्याला उगाच धसका. आणि मुख्य म्हणजे बघणारं माणूस झोपलेलं असतं! लोकेशनपेक्षा वेळ ठरवा. रूममेटला सांगा: '१०:५५ पर्यंत मेसेज नाही आला तर फोन कर. दोनदा उचलला नाही तर घरमालकीणबाईंना उठव आणि सुरक्षारक्षकांना फोन लाव. ११:१० ला ११२ या आपत्कालीन नंबरला फोन.' सुरक्षारक्षकांचा नंबर तिच्याही फोनमध्ये हवा, नुसता तुमच्या नको. हे काम आई-वडिलांना देऊ नका. ते गडहिंग्लजहून काही करू शकत नाहीत, नुसते जागे राहतात.

एखादी गाडी मागं हळूहळू येतेय असं वाटलं तर खात्री करायला रस्ता ओलांडा. तरीही मागं आली तर सरळ उलट दिशेनं चालायला लागा, त्याला गाडी वळवावी लागते. खोलीकडे मात्र जाऊ नका, त्याला पत्ता कळतो. त्या तीन उघड्या ठिकाणांपैकी एक गाठा. नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे मोठ्यानं म्हणत राहा, तेवढे लक्षात राहतात. हाक नेमक्या माणसाला मारा. 'वाचवा' ऐकून लोक एकमेकांकडं बघतात, 'ओ पांढऱ्या शर्टवाले काका, पोलिसांना फोन लावा' म्हटलं की काकांना उठावंच लागतं. कोल्हापुरात एक माणूस उठला की पाठोपाठ दहा जमतात.

११२ बद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: फोन उचलणारी व्यक्ती कोल्हापुरात बसलेली नसते. राज्याची नियंत्रण केंद्रं नवी मुंबई आणि नागपुरात आहेत. 'सायबर चौकात आहे' एवढ्यानं त्यांना काही कळत नाही. आधी 'कोल्हापूर', मग 'शिवाजी विद्यापीठ रस्ता', मग जवळची पाटी किंवा दुकान, आणि शेवटी काय झालंय. फोन कट झाला तर ते परत लावतात, अनोळखी नंबर म्हणून टाळू नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण लागोपाठ पाचदा दाबलं की आपत्कालीन कॉल जातो. सेटिंगमध्ये ते चालू आहे का ते आजच बघा.

पाऊस असेल किंवा साडेअकरा झाले असतील तर चालूच नका, रिक्षा करा. काळी अक्षरं, पिवळी प्लेट, इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या प्लेटवर पिवळी अक्षरं. बसायच्या आधी नंबरचा फोटो रूममेटला, आणि तो पाठवल्याचं रिक्षावाल्याला दिसू द्या. रविवारी गावाकडून येताना 'जवळ पडतं' म्हणून उजळाईवाडीला हायवेवर उतरू नका. स्टँडपर्यंत या, तिथून रिक्षा.

आता स्प्रे. लायसन्स लागत नाही. मारा साधारण सहा ते दहा फूट, म्हणजे दोन-तीन मीटर. डब्यावरची तारीख बघून घ्या, मुदत संपलेल्याचा दाब जातो. आपला माळ वाऱ्याचा आहे आणि समोरून वारा असेल तर तुमचेच डोळे आधी जळतील. आणल्याबरोबर मोकळ्या जागेत वाऱ्याकडे पाठ करून अर्धा सेकंद एकदा मारून बघा, लॉक अंगठ्यानं उघडता येतं का ते अंधारात पाच-दहा वेळा करून बघा. ठेवायचा जॅकेटच्या खिशात, बॅगेत नाही. मारला की थांबायचं नाही, उजेडाकडं पळायचं.

कुणी रोजच मागं येत असेल तर तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर वहीत लिहा. नको म्हणूनही वारंवार पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळीच ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 'हे आमच्या हद्दीत नाही' असं पोलीस ठाण्यात ऐकू आलं तर 'झिरो एफआयआर घ्या' म्हणा, ती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते आणि प्रत फुकट मिळते. त्रास देणारा विद्यापीठातलाच असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी अर्ज तीन महिन्यांच्या आत द्या, आणि आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.