पर्यटन स्थळांवर कानावर पडलेलं सगळ्यात विनोदी बोलणं कोणतं?

माझं गेटवे ऑफ इंडियाचं. एलिफंटाच्या लाँचसाठी लाइनीत उभा होतो, पुढे एक फॅमिली, त्यातला आठ-नऊ वर्षांचा पोरगा मान वर करून कमानीकडे बघतोय आणि विचारतो, "पप्पा, सैनिकांची नावं कुठं लिहिलीयेत?" पप्पा दोन मिनिटं शोधत राहिले आणि मग एकदम कॉन्फिडन्समध्ये, "पुसली गेली असतील रे, खारी हवा आहे ना इथली." मागून आजी, "आणि ती ज्योत?" तर पप्पा, "पावसाळ्यात बंद ठेवतात."

मला हसू आवरेना. नावं असतात ती दिल्लीच्या इंडिया गेटवर हो! आपलं गेटवे पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून बांधलं, आणि गंमत म्हणजे ते पूर्ण झालं १९२४ मध्ये, म्हणजे राजा येऊन गेल्यावर तब्बल १३ वर्षांनी. (सरकारी कामं तेव्हाही तशीच.)

दुसरं संभाजीनगरला, बिबी का मकबऱ्यासमोर. एक काका बायकोला सांगत होते, "शहाजहानने आधी इथे प्रॅक्टिस केली, मग ताजमहाल बांधला." अहो काका, हा ताजनंतरचा आहे, शहाजहानच्या नातवाने आईसाठी बांधलेला. पण काकू इतक्या मनापासून माना डोलावत होत्या की मी गप्प बसलो.